शून्याचं टोक

टेपचं शून्याचं टोक माझ्या हातात होतं,
दुसरं सुरक्षा अधिकाऱ्यांच्या.
मध्ये कालिन्याचा फुटपाथ, आमचं फाटक,
आणि फाटकापासून डागापर्यंत
साडेअकरा फूट.
चौकशी समितीतलं कोणीतरी म्हणालं, ताणून धरा, झोळ नको.
ताणून धरली. साडेअकराच.
सगळ्यांचे खांदे हलके झाले,
पेपर पुढे ढकलल्यावर पोरांचे होतात तसे.
घटना आवाराबाहेरची.

मी आवक-जावकचा कारकून. एकोणीस वर्षं एकच खिडकी.
दिलखुश काळे तीनदा आला होता तिथे.
एम.एस्सी. भाग एक, रसायनशास्त्र. गाव करमाळ्याकडचं.
वसतिगृहात कुणाचा तरी लॅपटॉप गेला
आणि कोणी घेतला हे कुणी विचारलंच नाही,
पारधी एकशे चौदात राहतो हे सगळ्यांना ठाऊक होतं.
दारावर मार्करने एक शब्द.
मग दाराखालून चिठ्ठी, तारीख घालून.

पहिल्या अर्जाला विषय नव्हता.
मी म्हटलं, विषय लिहावा लागतो.
तो म्हणाला, मला मारणार आहेत.
रजिस्टरच्या रकान्यात ते बसेना.
मी लिहिलं : वसतिगृहातील गैरसोयीबाबत.
दुसऱ्याला तेच. तिसऱ्याला
वरच्या ओळीखाली दोन टिंबं.

पेडणेकर डबा उघडताना म्हणतात,
आपण काय पोलीस आहोत? पंधरा हजार पोरं,
कोणाकोणाच्या मागे फिरायचं?
खोटं नाही ते. मीही मान हलवली.
पण दरवर्षी उत्तरपत्रिका निघतात ना इथून,
लाखेची सील, दोन शिपाई, एक बंदूकवाला,
गाडीचा नंबर तीन ठिकाणी नोंदवून.
कागदाला कोणी हात लावू नये म्हणून.
आणि झाडं : प्रत्येकाला पत्र्याचा नंबर,
फांदी तोडली तर खुलासा मागवतात.

जूनमध्ये त्याच्या बोनाफाईडवर शिक्का मीच मारला होता.
'सदर विद्यार्थी या संस्थेचा आहे.'
त्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं
फाटकापर्यंत.

सायनला गेलो होतो, एकटाच, कोणाला न सांगता.
जबडा तारेने बांधलेला.
बोलता येत नाही म्हणून त्याने वहीवर लिहिलं :
सर, प्रॅक्टिकलची हजेरी लागेल का?
मी 'बघतो' म्हटलं.
हा शब्द मला फार सरावाने येतो.

त्याची आई शेवराबाई सामान न्यायला आली.
एक ट्रंक, दोन पुस्तकं ग्रंथालयाची, ती आम्ही ठेवून घेतली.
ती आमच्या कुंपणाच्या भिंतीकडे बघत राहिली,
वरच्या काचांकडे.
म्हणाली, आमच्या पालाला दार नसतंय, सायेब.
पर राती कुत्रं भुकलं
की समदी उठत्यात.
तुमच्याकडं कोन उठलं?
पेडणेकरांनी तिला पाणी दिलं.

पत्र तयार होऊन माझ्या टेबलावर आलंय.
सदर घटना आवाराबाहेर घडली असल्याने.
सही आहे. फक्त जावक क्रमांक घालायचा.
दोन दिवस झाले, मी इतर सगळ्यांना घातला,
स्टेशनरीच्या बिलालासुद्धा.

आज जेवणाच्या सुट्टीत स्टोअरमधून टेप मागून आणली.
कशाला, म्हणाले. म्हटलं, काम आहे.
शून्याचं टोक माझ्या खिडकीच्या गजाला अडकवलं,
जिथे त्याने तीनदा कोपर टेकलं होतं,
आणि चालू लागलो फाटकाच्या दिशेने.
तीस मीटरला टेप संपली.
मी वृक्ष क्रमांक दोनशे बाराजवळ होतो, फणस.
फाटक अजून दिसतही नव्हतं.
मागे गजाला ताण बसत होता.
हात सोडला असता तर ती सरसरत परत गेली असती.